विच हेझलला फुलंच येत नाहीत, किंवा भलत्याच महिन्यात भलतीच येतात – नेमकं काय बघायचं आणि कुठे कापायचं

फेब्रुवारी संपत आला की इकडे न्यू जर्सीत आपल्या लोकांकडून मला दरवर्षी हाच प्रश्न येतो, "ताई, विच हेझल लावलंय, नर्सरीतून आणलं तेव्हा काय सुंदर केशरी फुललेलं होतं, आता बघावं तर नुसत्या काड्या". आणि दुसरा प्रश्न त्याच झुडपाचा पण वेगळ्या तोंडाचा, "फुलं येतात हो, पण पिवळी येतात, आणि तीही दिवाळीच्या सुमारास, फेब्रुवारीत काहीच नाही". हे दोन वेगळे आजार आहेत, कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, पण बहुतेक जण दोन्हीवर एकच औषध करतात, म्हणजे खताची पिशवी आणून ओततात, आणि त्याने पहिला आजार वाढतो आणि दुसऱ्याला काही फरक पडत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा कारण थंडीत जे दिसतं त्याचं मूळ थंडीत नसतं, एक तर ते जुलै-ऑगस्टमध्ये असतं नाहीतर जमिनीखाली असतं, आणि तिथे कुणी बघतच नाही.

आधी तुमच्याकडे कुठलं विच हेझल आहे ते ठरवा. इथल्या जंगलातलं मूळचं झुडूप म्हणजे हॅमामेलिस व्हर्जिनियाना, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून खाली फ्लोरिडापर्यंत मोठ्या झाडांच्या सावलीत आपोआप वाढणारं, 15-20 फूट उंच, बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटलेलं. हे फुलतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानं पिवळी होऊन गळायला लागली की. चार पाकळ्या, प्रत्येक पाकळी म्हणजे चुरगळलेली पिवळी फीतच, आणि वास हलकासा. दुसरं मिझुरी-आर्कान्सॉकडच्या ओझार्क डोंगरातलं, ओढ्याकाठच्या दगडगोट्यात वाढणारं व्हर्नालिस, ते जानेवारीपासून मार्चपर्यंत कधीही फुलतं आणि फुलं अगदी बारकी. मग चीनचं मोलिस आणि जपानचं जॅपोनिका, आणि या दोघांचा संकर म्हणजे इंटरमीडिया. नर्सरीत ज्या महागड्या कुंड्या फेब्रुवारीत फुललेल्या दिसतात त्या बहुतेक या संकराच्या. पिवळं "अरनॉल्ड प्रॉमिस" बोस्टनच्या अरनॉल्ड आर्बोरेटममधलं, तिथल्या मोलिसचं बी 1928 मध्ये गोळा करून पेरलं, त्यातून ते निघालं आणि नाव देऊन बाहेर यायला 1963 उजाडलं. तांबूस केशरी "जेलेना" आणि लाल "डायॅन" बेल्जियममधल्या काल्मथाउटच्या बागेतून आल्या. लेबल हरवलं असेल तर काही बिघडत नाही, फुलाचा महिना आणि रंग आठवा, तेवढं पुरे.

आता दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यात झाड हातचं जायची भीती जास्त असते. झाड आणलं तेव्हा फेब्रुवारीत केशरी किंवा लाल फुलायचं, आता नोव्हेंबरात बारीक पिवळं फुलतंय. झाडाने रंग बदललेला नाही. झाडच बदललंय. ही संकरित जात नर्सरीवाले बहुतेक वेळा कलम करून विकतात, आणि खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप ज्यावर कलम चढवतात, तो वापरतात त्याच जंगली व्हर्जिनियानाचा, कारण तो सहज मिळतो आणि काटक असतो. आपल्याकडे गुलाब किंवा आंबा लावणाऱ्याला खुंटाची फूट काढायची असते हे पाठ असतं, इथे मात्र कुंडी घेताना कुणी सांगत नाही की हे कलम आहे, आणि आपणही विचारत नाही. मग खुंटाला खालून फूट येते, पहिल्या वर्षी वाटतं वा झाड भरतंय, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती फूट वरच्या कलमाच्या दुप्पट जोराने वाढून त्याच्या डोक्यावर जाते, कलम सावलीत गुदमरतं, आणि मग एक दिवस उरतो तो फक्त खुंट. आपण मात्र म्हणत राहतो की जेलेना पिवळी झाली.

मंडळातल्या एका काकूंच्या बॅकयार्डात हे अगदी समोर दिसलं. झुडूप चांगलं डोक्याइतकं उंच, भरगच्च, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, एका बाजूला सरळसोट चार-पाच फांद्या पिवळ्या फुलांनी भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला एक आडवी पसरलेली जुनी फांदी, तिच्यावर एकही फूल नाही पण देठाजवळ बारीक गोल कळ्यांचे झुबके. काकू म्हणाल्या ती वाळकी आडवी फांदी काढून टाकायची आहे, लँडस्केपरला सांगितलंय. ती आडवी फांदीच खरी जेलेना होती! बाकी सगळं खुंटाचं. हाताने बुंध्याजवळचा मल्च (मातीवर पसरलेला सालीचा चुरा) बाजूला केला तर जमिनीच्या जरा वर कलमाची गाठ स्पष्ट दिसत होती, साल एकदम बदललेली, आणि सगळ्या सरळ फांद्या त्या गाठीच्या खालून, दोन तर थेट मुळावरून निघालेल्या.

ओळखायला सोपं जावं म्हणून काय बघायचं ते सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा महिना सगळ्यात चांगला. तुमचं झाड संकरित असेल आणि तेव्हा त्याच्यावर एक जरी पिवळं फूल उमललं तरी ती फांदी खुंटाची, दुसरं काही असूच शकत नाही. शिवाय त्याच फांदीवर फुलाशेजारी तपकिरी लाकडासारखी बोंडं दिसतील, ती गेल्या वर्षीच्या फुलांची. व्हर्जिनियानाची ही मोठी गंमत आहे, शरद ऋतूत परागीभवन होतं पण गर्भधारणा होते थेट पुढच्या वसंतात, आणि बोंड पिकतं त्याच्याही पुढच्या शरदात, म्हणून फूल आणि फळ एकाच काडीवर एकाच वेळी. बोंड सुकलं की टचकन फुटतं आणि त्यातल्या दोन काळ्या चकचकीत बिया 25-30 फूटसुद्धा लांब उडतात. (इतक्या थंडीत या फुलांकडे येतं तरी कोण, तर व्हरमाँटमध्ये बर्न्ड हाइनरिख या कीटकशास्त्रज्ञाने थंडीत उडणारे पतंग या फुलांवर पाहिले, ते पंखांचे स्नायू थरथरवून आधी स्वतःचं अंग तापवतात आणि मग रात्री उडतात. नोव्हेंबरच्या रात्री टॉर्च घेऊन जाऊन बघण्यासारखं आहे हे.) काही जण म्हणतात की खाली बी पडून रोप आलं असेल. तसं सहसा होत नाही, या बीला आधी ऊब आणि मग थंडी अशी दोन्ही लागते, उगवायला दुसरा वसंत उजाडतो, आणि रोप बुंध्याला चिकटून अशा जाड सरळ काड्या देत नाही.

नोव्हेंबर हुकला असेल तर पानांवरून कळतं. खुंटाचं पान मोठं, कडेला लाटा असलेलं, देठाजवळ एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली, हाताला बरंचसं गुळगुळीत. मोलिसचं रक्त असलेल्या पानाला खालून मऊ लव असते, बोटाने चोळलं की लगेच जाणवते. पण पानांच्या ओळखीत दोन-चार वेळा तरी मन साशंक होतं, म्हणून माझं म्हणणं, कात्री लावायची घाई करू नका, नोव्हेंबरात पिवळी फुलं दिसली त्या प्रत्येक फांदीला पूजेचा लाल नाडा बांधून ठेवा आणि कापा मार्चमध्ये, कलमाची फुलं होऊन गेल्यावर. तेव्हा नाडा बांधलेलं ते खुंटाचं, फुललेलं ते आपलं, गोंधळ राहतच नाही.

आणि कापायचं कुठे, तर इथेच सगळे चुकतात. जमिनीलगत सपाट कापून मोकळे होतात आणि पुढच्या वर्षी एकाच्या जागी सहा पाणसोट, म्हणजे सरळसोट जोमदार फुटवे, उभे राहतात. हे का होतं त्यासाठी कनेटिकटला जावं लागेल. तिथे दीडशेपेक्षा जास्त वर्षं विच हेझलचा धंदा चालतो, एसेक्स गावात थॉमस डिकिन्सनने 1860 च्या दशकात याचा अर्क काढायला सुरुवात केली आणि आजही ईस्ट हॅम्प्टनला मोठी डिस्टिलरी आहे. तिथले तोडणीवाले पानं गळल्यावर, थंडीच्या दिवसांत, जंगलात जाऊन हीच झुडपं पार जमिनीबरोबर कापतात, त्याचा भुगा करून वाफेवर अर्क काढतात, आणि काही वर्षांनी त्याच जागी परत येतात, कारण बुडख्यातून पुन्हा दाट फूट आलेली असते. म्हणजे जमिनीलगत कापणं ही व्हर्जिनियाना वाढवायचीच रीत आहे! तुम्ही बागेत तेच करता आणि म्हणता फूट थांबत नाही. थांबवायची असेल तर माती बाजूला करून फूट जिथून निघाली तिथपर्यंत जा, ती मुळावर असेल तर मुळापर्यंत, आणि तिथून चिकटून काढा, मागे खुंटी ठेवू नका. कोवळी असताना, जूनच्या आसपास, हाताने खाली ओढून फाडून काढली तर सगळ्यात उत्तम, तळाचे झोपलेले डोळेही तिच्याबरोबर निघून येतात. जाड झाली असेल तर धारदार कटर किंवा छोटी करवत. मग माती परत लोटा, पण कलमाची गाठ उघडीच ठेवा, तिच्यावर मल्चचा डोंगर रचू नका. इकडे झाडाच्या बुंध्याला मल्चचे शंकू करायची जी पद्धत पडलीये ती या झुडपाला फार वाईट, खालची फूट त्यात लपून राहते आणि साल कुजते ते वेगळंच.

कलम जर पूर्ण मेलं असेल तर? बुंध्याभोवती नीट बघा, गाठीच्या वर एकही जिवंत डोळा नसेल तर जेलेना परत येणार नाही, कितीही खत घाला. पण जे उरलंय ते काही टाकाऊ नाही, ते इथलं मूळचं झुडूप आहे, शरदात फुलतं तेव्हा बागेत दुसरं काही फुलत नसतं. जागा असेल तर राहू द्या, संकरित दुसरं लावा.

आता पहिला प्रश्न, झाड बरोबर आहे, खुंट नाही, तरी फुलं नाहीत. इथे मी सगळ्यात आधी एकच विचारते, तुमचा लँडस्केपर झुडपं कधी छाटतो? दहातल्या बहुतेक घरांत उत्तर येतं जुलै-ऑगस्ट, हेज ट्रिमर घेऊन येतो आणि बॉक्सवूड असो, अझेलिया असो, विच हेझल असो, सगळ्यांचे गोळे करून जातो. फेब्रुवारीत उमलणाऱ्या कळ्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, त्या उन्हाळ्याच्या नव्या वाढीवर तयार होतात. ऑगस्टच्या शेवटी जवळ जाऊन बघितलं तर डोळ्याला दिसतात, पानाच्या बगलेत आखूड वाकड्या देठावर तीन-चार गोल बारीक मण्यांसारख्या, तपकिरी मखमलीच्या. पानाचा डोळा वेगळा असतो, लांबट, चपटा, टोकदार, आणि त्याच्यावर खवले नसतात, नुसती पिवळट लव. या दोन्हीतला फरक एकदा डोळ्यात बसला की सप्टेंबरातच सांगता येतं पुढच्या फेब्रुवारीत काय होणार. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, एप्रिल छाटणीनंतर डोळ्यात घड तयार झाला नसेल तर ऑक्टोबरात कितीही फवारा, माल लागत नाही, तसंच हे. तेव्हा संकरित विच हेझलची छाटणी फुलं संपली की लगेच, मार्च-एप्रिलच्या सुरुवातीला, पानं फुटायच्या आत, त्यानंतर कात्री बंद. खरं तर या झुडपाला छाटणी लागतच नाही फारशी, मेलेलं, घासणारं, आत वळलेलं तेवढं काढायचं. लँडस्केपरला सांगून उपयोग होत नसेल तर झाडाभोवती काठ्या रोवून रंगीत रिबन लावा, माणसं दरवेळी बदलतात, रिबन सगळ्यांना कळते.

छाटणी नाही तर मग पाणी. याची मुळं वरवर असतात, जंगलात पालापाचोळ्याच्या थरात वाढलेलं झुडूप आहे हे, आणि कळ्या धरायच्या नेमक्या महिन्यांत म्हणजे जुलै ते सप्टेंबर इकडे दोन-दोन आठवडे पाऊस नसतो. पानांच्या कडा करपल्या, पान आतल्या बाजूला वळलं की समजायचं ताण बसलाय. कळी धरायला याला ताण द्यायचा नसतो. आठवड्याला साधारण एक इंच पाणी, पाऊस धरून, आणि एकदाच पण खोल, रोजचं पाच मिनिटांचं स्प्रिंकलर नको. दोन-तीन इंच सालीचा किंवा पानांचा मल्च, बुंध्यापासून हातभर दूर. उलट टोकाला आपल्या मिडलसेक्स-सॉमरसेटकडची लाल चिकट माती, तिच्यात खड्डा केला की त्याचं भांडंच होतं, पाणी तुंबून मुळं बसतात. तिथे झाड जरा उंचवट्यावर लावायचं, खड्ड्यात भरमसाठ पीटमॉस न घालता. मातीचा सामू (पीएच) थोडा आम्लधर्मी हवा, घराच्या काँक्रीट पायाला अगदी चिकटून लावलं असेल तर पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अशा वेळी अंदाजाने काही टाकण्यापेक्षा रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवा, काही डॉलरचं काम आहे.

खताचं वर आलंच. लॉनला जो नायट्रोजन मारतात तो झुडपाच्या मुळाशीही जातो, मग हिरवीगार लांब लांब वाढ येते आणि कळी धरत नाही. शेणखताचा किंवा कंपोस्टचा एक थर वसंतात दिला की बास. उन्हाचं म्हणाल तर व्हर्जिनियाना सावलीत तग धरतं पण फुलं कमी देतं, संकरित जातींना निदान अर्धा दिवस ऊन हवंच, शेजारचा मेपल दहा वर्षांत किती पसरला ते एकदा मान वर करून बघा. आणि नवीन लावलेलं झाड एक-दोन वर्षं फुललं नाही तर काळजी करू नका, ते मुळं धरतंय. बियांपासून केलेलं रोप असेल तर मात्र सहा-सात वर्षंही वाट बघावी लागते.

फुलं आलीत पण दिसत नाहीत, असंही होतं. वाळकी तपकिरी पानं फांदीला तशीच लटकून राहतात आणि त्यांच्या आत फुलं झाकली जातात. काही जातींचा हा स्वभावच आहे, आणि ज्या वर्षी शरद कोरडा जातो त्या वर्षी जास्त होतं. 2024 चा ऑक्टोबर आठवत असेल, न्यू जर्सीत महिनाभर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पान आणि काडी यांच्यामध्ये सुटायचा जो थर तयार व्हायला लागतो तो नीट झाला नाही की पान मरतं पण गळत नाही. यावर औषध नाही, जानेवारीत कळ्या फुगायच्या आत हाताने पानं खुडायची, बुंध्याकडे ओढून नव्हे, काडीच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे कळ्यांचे देठ मोडत नाहीत. आणि ऑक्टोबरातही पाऊस नसेल तर पाणी चालू ठेवायचं, लोक लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नळी गुंडाळून ठेवतात ते करू नका. उमललेली फुलं कडक थंडीत गुंडाळी होऊन कोमेजल्यासारखी दिसतात, ती मेलेली नसतात, ऊन पडलं की पाकळ्या परत उलगडतात.

पानावर छोट्या टोकदार टोप्या आल्या की फोटो पाठवतात, हिरव्या किंवा लालसर, चेटकिणीच्या टोपीसारख्या. त्या माव्याच्या गाठी आहेत, प्रत्येक टोपीच्या आत मावा राहतो, आणि झाडाला त्याचं विशेष काही होत नाही. फवारू नका. त्याच माव्याची एक चुलत बहीण मात्र त्रासदायक, ती फुलकळीचीच काटेरी गाठ करते, म्हणजे त्या कळीचं फूल गेलं. ही जात वर्षाचा काही काळ बर्चवर काढते, आणि आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घराच्या दारात तीन खोडांचा रिव्हर बर्च असतोच. झाड छोटं असेल तर काटेरी गाठी हिरव्या असतानाच तोडून पिशवीत बांधून टाका. ओल्या उन्हाळ्यात पानांवर तपकिरी डाग पसरत पान करपलं तर फायलोस्टिक्टा बुरशीचा संशय घ्या, खाली पडलेली पानं झाडून बाहेर काढा आणि पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या. हरणं कोवळे शेंडे खातात आणि शरदात नर शिंगं घासून साल काढतात, लहान झाडाला जाळी हवीच.

आता खुंटाच्या त्या कापलेल्या फांद्या. त्या कचऱ्यात टाकू नका म्हणते मी, कारण औषधी विच हेझल म्हणतात ते हेच, व्हर्जिनियाना, तुमची महागडी केशरी जात नव्हे. इथल्या मूळ रहिवाशांना ते फार आधीपासून ठाऊक होतं. पोटावाटोमी लोक तापलेल्या दगडांबरोबर याच्या काड्या पाण्यात टाकून त्या वाफेने दुखरे स्नायू शेकायचे, मेनोमिनी लोक खेळात उतरणाऱ्यांच्या पायांना याचा काढा चोळायचे. ओनायडा लोकांकडून ही माहिती घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या थेरॉन पॉण्डने 1846 मध्ये विच हेझलचा अर्क बाजारात आणला, आणि हाच तो पॉण्ड, ज्याच्या नावाची क्रीम-पावडर आपल्या आईच्या, आजीच्या आरशासमोर असायची. क्रीम नंतर आली, सुरुवात या झुडपापासून झाली. तिकडे पुण्या-मुंबईत होमिओपॅथीच्या दुकानात हॅमामेलिसची बाटली मिळते तीही याच झाडाची. झाड मात्र तिकडे लावायला नेऊ नका, याला खरी कडाक्याची थंडी लागते, कोकणात किंवा देशावर ते जगणार नाही. याच्या कुळातलं एक झुडूप काश्मीरच्या जंगलात आहे, त्याच्या लवचिक काड्यांच्या टोपल्या विणतात. इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी विच हेझलची बेचकी हातात धरून विहिरीची जागा शोधली, अगदी आपल्या गावचे पाणाडे शोधतात तशीच. पाणी सापडतं याला काही शास्त्रीय आधार नाही, पण चाल दोन्हीकडे एकच निघावी याचं मला फार अप्रूप वाटतं.

घरी काढा करणाऱ्यांची तक्रार असते की दुकानातलं पाणी वर्षभर टिकतं आणि आमचं आठ दिवसांत आंबतं, शिवाय ते पांढरं स्वच्छ आणि आमचं चहासारखं. कारण दोन्ही वस्तू वेगळ्याच आहेत. दुकानातला अर्क वाफेवर काढलेला असतो, सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, वाफेबरोबर वर येत नाही, आणि टिकावं म्हणून त्यात साधारण 14 टक्के अल्कोहोल असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो त्वचेवर लावायचं ॲस्ट्रिंजंट, म्हणजे त्वचा आवळणारं औषध म्हणून मान्य केलाय. आपण साल उकळतो तेव्हा टॅनिन सगळं पाण्यात उतरतं, म्हणून रंग गडद, त्वचा जास्त ओढली जाते, टॉवेलला डाग पडतो, आणि अल्कोहोल नसल्यामुळे बुरशी धरते. करायचाच असेल तर मार्चमध्ये कापलेल्या काड्यांची साल काढून, स्टीलच्या भांड्यात (लोखंडी नको, टॅनिनने काळं होतं) वीसेक मिनिटं मंद उकळून, गाळून, फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचा. वास बदलला की फेकायचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघा, डोळ्यात नको, उघड्या जखमेवर नको, आणि पोटात घ्यायचा तर नाहीच. बाळांच्या अंगाला लावायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि झाडावर कुणी काही फवारलेलं असेल तर हा उद्योगच नको.

शेवटचं, ज्यांना ही खुंटाची कटकट पुन्हा नकोच आहे त्यांच्यासाठी. नवीन घेताना नर्सरीत विचारा की स्वतःच्या मुळावरचं आहे का. नसेल तर घरच्या झाडाचं दाब कलम करा, कलमाच्या गाठीच्या वरची, खाली वाकणारी पेन्सिलइतक्या जाडीची फांदी निवडा, फुलं संपल्यावर वसंतात ती जमिनीपर्यंत वाकवा, जिथे माती लागते तिथे खालून तिरका हलका काप द्या, कापात बारीक काडीचा तुकडा अडकवा म्हणजे तो मिटत नाही, मग तीन-चार इंच मातीत पुरून वर दगड ठेवा आणि टोक काठीला बांधून उभं करा. माती सुकू द्यायची नाही. मुळं धरायला एक वर्ष, बऱ्याचदा दोन लागतात, मध्येच उकरून बघू नका. हलकं ओढून बघितल्यावर फांदी घट्ट लागली की मूळ झाडापासून कापा, पण हलवा त्यानंतरच्या वसंतात. या झाडाला खालून कितीही फूट आली तरी ती जेलेनाचीच असेल, तिला नाडा बांधायची गरज नाही.